माइकवर पुकारलेली साडी आणि आमचा स्मार्ट टीव्ही

हा टीव्ही घे म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं. मोबाइलवर त्याची जाहिरात आली आणि मी तो घेतला. जाहिरात बघून आणलेल्या वस्तूने पुढे जाहिरातीच दाखवल्या, यात तिचा दोष किती आणि माझा किती, हे घरात अजून ठरायचं आहे. जुना टीव्ही बटण दाबलं की लागायचा. हा आधी मोटार दाखवतो, मग सोफा, आणि मग आपण घरातले कोण ते विचारतो.

त्याची खरी परीक्षा झाली मुरबे गावच्या हळदीला. नवरदेव माझा मामेभाऊ, म्हणजे आई त्याची सख्खी आत्या. पण आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम पंधरा दिवस झालेले, आणि आम्ही बोईसरला तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचे. हळद चुकली याचं आईला फारसं वाटत नव्हतं. तिला एकच गोष्ट स्वतःच्या कानांनी ऐकायची होती. आमच्याकडे मांडवात आहेर माइकवर पुकारतात. मागच्या लग्नात आईचा आहेर पुकारायचा राहून गेला होता, आणि ते ती विसरली नव्हती. या वेळी मामीसाठी तिने स्वतः निवडून साडी आणली होती.

साडी घेऊन माझी बायको निघाली. जाताना म्हणाली, "तिकडून व्हिडिओ कॉल लावते की."

"कशाला? फोटोवाला सगळं लाइव्ह दाखवणार आहे. एवढा मोठा टीव्ही काय शोभेला आणलाय?"

"बरं," म्हणून तिने चपला घातल्या. ती लगेच 'बरं' म्हणाली की मी सावध व्हायला हवं, ते मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

संध्याकाळी आई ठेवणीतली साडी नेसून, केसांत गजरा माळून टीव्हीसमोर बसली. मांडव दिसला, पिवळाधमक नवरदेव दिसला. माइकवाल्याने घसा साफ केला. "आता आहेर. बोईसरच्या आत्या..."

आणि पडद्यावर एक बाई संडास घासू लागली.

"ही कोण?" आईने विचारलं.

"जाहिरात आहे."

"मला वाटलं वहिनीच्या माहेरची."

बाई गेली तेव्हा माइकवर कोणाची तरी तांब्याची कळशी चालू होती. आईचा चेहरा पडला. "या वक्ताला पण पुकारलं की नाय, कोणाला ठाव."

मी बायकोला फोन लावला. "पुन्हा पुकारायला सांग."

"अहो, आत्ताच पुकारलं. टीव्ही काय करत होता?"

"संडास साफ करत होता."

दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा एक जण बनियनवर पुलावरून उडी मारत होता. मी रिमोटवर दिसेल ते बटण दाबलं. टीव्ही तमीळ झाला. तो परत मराठीत आणून पुन्हा फोन केला. बायको म्हणाली, "माइकवाला विचारतोय, तुमच्या सासूबाई निवडणुकीला उभ्या आहेत का?" तरी तिसऱ्यांदा पुकारलं. नेमका तेव्हाच टीव्हीने मला विचारलं, अनुभव कसा वाटतोय? मी एक तारा दिला. त्याने आभार मानले आणि गादी दाखवली.

इतक्यात मुलगी क्लासवरून आली. दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, मागे घ्या ना."

"लाइव्ह कसं मागे घेणार?"

तिने एका बोटाने घेतलं. "बोईसरच्या आत्याकडून नवरदेवाच्या आईला साडी." पुढे सरकवलं, पुन्हा तेच. पुढे सरकवलं, पुन्हा तेच. आई मान हलवत तिन्ही वेळा ऐकत राहिली. मग म्हणाली, "पयल्यापासून लाव."

चौथ्यांदा ऐकणं चालू असताना मामीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, माझ्या हातात एकच साडी आली. माइकवर तर तीन पुकारल्या. सगळा मांडव विचारतोय, आत्याने तीन दिल्या, त्या दाखव."

आईने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायला तिला पुरेसा वेळ मिळाला.

"येतात दोन मागनं," ती फोनमध्ये म्हणाली. फोन ठेवून मला म्हणाली, "उद्या पालघरला जा. दोन घेऊन ये, रंग येगळे बघ."

"आई, टीव्हीमुळे झालं ना हे सगळं? विकून टाकू का?"

"कशाला? चांगला हाय टीव्ही. सगळ्या गावाने तीनदा ऐकलं."