रिंग खाली ठेव

"खाली ठेव. हातात देऊ नको."

इंजिनियरीणबाई हे अगदी हळू बोलल्या. शिवी दिली असती तर मी परत दिली असती. त्यांनी नुसता हात मागे घेतला. मी रबराची रिंग त्यांच्या पायाजवळ मातीत ठेवली. मातीला लागली की माझ्या हाताचा विटाळ फिटतो. त्यांनी ती उचलली आणि खेळ पुढं सुरू झाला.

मी तिथं खेळायला नव्हते गेले. चालायला गेले होते.

दुष्काळात आम्ही मानोऱ्याकडचं गाव सोडून रिसोडला आलो. मी भाजीचं दुकान मांडलं. पहाटे हर्रासात, भाजीच्या लिलावात, माळ्यांशी भांडून भाव पाडायची. माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. पण गावात पाणी, सरपण, निंदणात झिजणारं अंग इथं दिवसभर पोत्यावर बसून जड झालं. दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी रिकामं फिरा.

रिकामं. आमच्या वस्तीत बाईला हा शब्द शिवीसारखा लागतो. सासू म्हणाली, "काम सरलं काय तुयं, रिकामी हिंडाले?" नवऱ्याला लोकांची भीती. रस्त्यावर निघाले तर जो तो विचारायचा, कोण आजारी आहे, घरी भांडण झालं का.

म्हणून नगरपालिकेच्या मैदानावर गेले. तिथं साहेबांच्या, मास्तरांच्या बायका जाळी बांधून रिंग खेळायच्या. त्यांना कोणी काही विचारत नसे. मला मात्र विचारलं, भाजी आणली का? फिरायला आले, एवढं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "रिंग उचलून देऊ काय, बाई?"

बाजारात दुसऱ्याचा भाव पाडणारी मी. इथं कोणी न मागता स्वतःचाच पाडून बसले.

मग रोज तेच. त्या फेकायच्या, मी धावायची, वाकायची, ठेवायची. धावणं तर होतं, असं मनाला सांगायची. आम्ही धम्म घेतलेली माणसं. माझ्या बापानं पाटलापुढं वाकणं सोडलं होतं. घरी यातलं एक अक्षर बोलले नाही.

एक दिवस मास्तरांची नवी सून खेळायला आली. तिनं रिंगसाठी माझ्यापुढं सरळ हात केला. इंजिनियरीणबाईंनी तो मागे ओढला.

"अगं, खाली ठेवू दे. तिला सवय आहे."

सवय. मी वाकणार होते ती तशीच थांबले.

"हातात घ्या, बाई. नाई तं खेळ बंद ठेवा."

त्या हसल्या. एवढ्याशा खेळाचं काय घेऊन बसलीस, म्हणाल्या. दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला हवा, असंही म्हणाल्या.

"राबनं पोटासाठी हाय. हे माह्यासाठी."

कोणी हात पुढं केला नाही. सुनेनंही नाही. मी रिंग जाळीच्या खांबाला अडकवली आणि मैदानाच्या कडेनं चालायला लागले. मागून हसू आलं. कान तापले. पाय थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फाटकात मला अडवायला शिपाई उभा होता. "मैदान सगळ्यायचं हाय," म्हणत मी त्याच्या शेजारून आत गेले. रोज जाणार आहे. इतके दिवस वाकल्याची शरम अजून गेलेली नाही. तिला मी जाऊही देणार नाही. ती आत जळते आहे तोवर माझी कंबर कोणापुढं वाकायची नाही.