वाढत्या मापाचं पोलकं

लढाई संपली, शिपायांची गर्दी ओसरली आणि नगरच्या छावणीजवळचा तो म्हातारा शिंपी खाकी वर्द्या शिवायचं सोडून बायकापोरींचे कपडे शिवू लागला. कॉलेजला जाताना मी त्याला रोज बघायचो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहणारा मी पहिलाच, त्यामुळे नवं शिकताना हात कसा अडतो ते मला ठाऊक होतं.

एकदा एका बाईनं तिच्या पोरीसाठी त्यानंच शिवलेलं पोलकं त्याच्यापुढं टाकलं. "चाचा, पोरीला पलटणीत धाडायची हाय व्हय?"

गिऱ्हाईक तुटलं तर दुकान मिटणार होतं. तो हसला, चष्मा पुसला आणि खांद्याची ताठ शिवण उसवायला बसला.

दिवाळीच्या आधी तीच बाई पोरीला घेऊन आली. "जरा सैल ठेवा चाचा, वाढती हाय."

"मीबी वाढतोय, बाई," तो म्हणाला आणि गळ्यातली टेप काढली.