आबांच्या कानापुढची शीर

माझ्या बापाचा उजवा हात गेला तो सरकारमुळं नाही. बाकी कशाकशासाठी मी सरकारवर पत्रकं काढलीत, मोजदाद नाही. यावर काढता येत नाही.

आबा खुलताबादच्या डोंगराला मेंढरं राखायचे. बशीतल्या गरम चहावर फुंकर मारली की त्यांच्या हातून बशी गळायची. दहा मिनिटांनी हात पुन्हा चांगला. गावानं दारू ठरवली, तालुक्याच्या डॉक्टरनं ॲसिडिटी. मी त्यांना शहरात, मुकुंदवाडीला माझ्या खोलीवर आणलं. मोठ्या दवाखान्यात कळलं, मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या आतून बंद होत चालल्यात. जोरानं फुंकलं की आहे तेवढं रक्तही पुरत नाही. आजार दुर्मिळ, नाव जपानी.

ऑपरेशन झालं. डाव्या कानापुढून वर जाणारी कातडीखालची शीर सोडवली, कवटीला भोक पाडून आत मेंदूवरच्या वाहिनीला जोडली. नवा रस्ता. सुट्टी देताना डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "कानाच्या वर काही घट्ट बांधायचं नाही. चष्म्याची दांडीसुद्धा नको."

"मंग मुंडासं?" आबांनी विचारलं.

"मुंडासं तर नाहीच."

"म्हंजी बोडक्यानं हिंडू व्हय मेंढरामागं?"

माय म्हणाली, "हिंडा. मेंढरं काय हसत नायत."

दोन महिने ते डोक्यावर नुसता पंचा टाकून हिंडले. हात एकदाही गळाला नाही.

मग मी गावात सभा घेतली. असली ऑपरेशनं गरिबाला जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळालीच पाहिजेत, अशी मागणी. पत्रक माझं, माईक माझा. आबांचा सत्कार ठेवला, आणि सत्कार म्हटला की फेटा आलाच. लग्नात नवरदेवाला फेटा बांधणारा आमचा चुलता पुढं झाला. त्याचा फेटा वरात संपेपर्यंत हलत नाही, अशी त्याची ख्याती. आबांनी पंचा काढून डोकं पुढं केलं. चार माणसांत मिळणारा फेटा नको कसा म्हणणार? माय बायकांतून उठली. "आरं, डॉक्टरीण काय म्हणली व्हती…"

मी तिला हातानं खाली बस म्हणून खुणावलं. मी बोलत होतो.

चुलत्यानं आवळून बांधलेला फेटा आबांच्या डोक्यावर, आणि मी बोललो ते अर्धा तास. शेवटी आबांना हात जोडायला सांगितलं, तर डावाच वर आला. ओठ हलले, शब्द नाही. लोकांना वाटलं गहिवरले. टाळ्या पडल्या. मायनं स्टेजवर येऊन फेटा ओरबाडून काढला.

दवाखान्यात बाईंनी कानापुढं यंत्र टेकवलं. मागच्या खेपेला त्यातून रक्ताचा फस् फस् आवाज यायचा. आता खरखर नुसती. त्यांनी जागा बदलून बदलून ऐकलं.

"शीर बंद पडलीय," त्या म्हणाल्या. "काही बांधलं होतं का?"

"हो. मी," एवढंच म्हणालो. चुलत्याचं नाव घेतलं नाही. रडू आलं नाही, राग आला नाही. भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता होता, तो वाचत उभा राहिलो.

आठवड्यानं आबांची वाचा जराशी आली. उजवा हात चादरीवर, ठेवला तिथंच. माय पेज भरवत होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि जड जिभेनं विचारलं, "भाषण… झालं का पुरं?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"झालं आबा," मी म्हणालो.