तिच्या अभिप्रायांसाठी केलेला अर्ज

मी तहसील कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि वारसनोंद असो, रेशनकार्ड असो की भूसंपादनावरील हरकत असो, माझ्या हातचा मजकूर भाषेच्या कारणावरून परत आल्याचे मला आठवत नाही. वकील मंडळीही अधूनमधून माझ्याकडे शब्द विचारायला येतात. हे प्रौढीने सांगत नाही. पुढे जे घडले ते समजण्यासाठी एवढे माहीत असणे आवश्यक आहे, की अर्ज या गोष्टीवर माझा पूर्ण विश्वास होता.

माझी पत्नी फोनवर गोष्टी लिहीत असे. टीव्हीवर एक कौटुंबिक मालिका लागत असे, ती एके दिवशी अर्ध्यावर बंद पडली. थोरली सून घर सोडते आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडवर येऊन बसते, तेवढ्यावर ती संपली. ज्यांना राहवले नाही असे प्रेक्षक एका मोबाईल ॲपवर जमले आणि आपापल्या मनाने पुढची गोष्ट लिहू लागले. कोणी त्या सुनेला माहेरी पाठवले, कोणी तिची सासूशी दिलजमाई करून दिली. माझ्या पत्नीने तिला शिवणकामाचे दुकान काढून दिले. प्रत्येक प्रकरणाखाली इतर लोक अभिप्राय लिहीत, ती उत्तरे देई, त्या उत्तरांना पुन्हा उत्तरे येत. मला इतकेच दिसत असे, की ती भाजी फोडणीला टाकते आणि फोनकडे पाहून हसते. काय आहे, असे मी एकदाही विचारले नाही. रिकामपणाचा उद्योग, असे मात्र दोन-तीनदा म्हणालो.

ती बारा दिवसांच्या आजारात गेली. तेराव्याचे पाहुणे पांगले, मुलगी सासरी परतली, त्या दुपारी पत्नीचा फोन वाजला. पडद्यावर मजकूर होता: "मावशी, कुठं गायब झालात? अर्जदार साहेबांनी रजा नामंजूर केली काय?"

अर्जदार साहेब म्हणजे मीच. हे नाव मला ठेवू शकेल अशी एकच व्यक्ती होती.

मी उत्तर लिहिले, "सदर महिला मयत आहेत. मी त्यांचा पती. कळावे."

मग ज्या मुलीने विचारले होते तिनेच लिहिले, "काका, आम्हाला माहीत नव्हतं. माफ करा." ही मुलगी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्याचे काम करते, असे मला नंतर समजले. दुसरे एक गृहस्थ फर्दापूरला लेणी पाहायला येणाऱ्यांसाठी लॉज चालवतात. दोघांनीही माझ्या पत्नीला प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते. लॉजवाल्यांनी लिहिले, "साहेब, तुम्ही आम्हाला परके नाहीत. तुमचा चहाचा अर्ज आम्हाला पाठ हाय."

या वाक्याचा खुलासा व्हावा म्हणून मी तिची गोष्ट पहिल्यापासून उघडली. मालिकेतला थोरला मुलगा, म्हणजे त्या सुनेचा नवरा, फारसा बोलत नसे. तिच्या गोष्टीत तो बोलत होता आणि अर्जाच्या भाषेत बोलत होता. दुकानातून थकून आलेल्या बायकोला तो म्हणतो, "उपरोक्त विषयास अनुसरून, चहा मिळावा ही नम्र विनंती." खालचे अभिप्राय असे होते.

मुलीने विचारले होते, "मावशी, हा नमुना कुठून आणला?"

पत्नीचे उत्तर होते, "घरातलाच हाय. सव्वीस वर्षं झाली, वापरायलेय."

लॉजवाले म्हणाले होते, "ताई, आमच्याकडं पाठवा चार दिवस. गिऱ्हाइकांच्या तक्रारी लई झाल्यात, उत्तरं लिहायला माणूस पाहिजे."

"घेऊन जा भाऊ. पण वापस आणायचा नाय, पावती हरवलीय."

"आणि साहेबांनी हे वाचलं तर?" असे मुलीने विचारले होते.

"ते नाय वाचत. त्यांनी वाचावं म्हणून कागदाला कोर्ट फीचं तिकीट लावावं लागतंय."

मी मोठ्याने हसलो. घरात ऐकायला कोणी नव्हते.

अभिप्राय तीन वर्षांचे होते. ते दोन-तीन दिवसांत वाचून संपले असते, आणि संपल्यावर ती नवीन काही बोलणार नव्हती. म्हणून मी शिस्त घातली. रोज सकाळी टेबल मांडण्यापूर्वी एका प्रकरणाखालचे वाचायचे आणि फोन खिशात ठेवायचा. दिवसभर लोकांच्या जमिनीचे गट क्रमांक लिहिताना माझ्याजवळ तिचे त्या दिवसापुरते बोलणे असे.

मंडळींच्या आग्रहावरून मीही इतरांच्या गोष्टी वाचून अभिप्राय लिहू लागलो. लॉजवाल्यांच्या एका प्रकरणाखाली मी नमूद केले, की सुनेने पोटगीचा दावा दाखल केल्याचे दिसते, परंतु न्यायालयाची हद्द कोठेही दिलेली नाही.

ते म्हणाले, "साहेब, प्रेमाचा सीन हाय तो."

मी लिहिले, "असो. तरी हद्द हवी."

"काका, आधी त्या दोघांना हात तर धरू द्या," मुलीने लिहिले. "हद्द बसून ठरवू."

त्या दिवसांत घरी भेटायला येणारे लोक जमिनीकडे पाहून बोलत आणि उठून जात. मला चिडवणारी जगात एवढीच दोन माणसे उरली होती.

अशातच ॲप चालवणाऱ्या कंपनीची सूचना आली. जुन्या गोष्टींखालचे अभिप्राय महिनाअखेरीस कायमचे काढून टाकण्यात येतील. गोष्टी राहतील. माझे वाचन त्या वेळी सत्तेचाळिसाव्या प्रकरणापर्यंत झाले होते आणि शंभराहून अधिक प्रकरणे शिल्लक होती.

मुलीने लगेच लिहिले, "काका, मी मावशींच्या सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवते. दोन सुट्ट्यांचं काम हाय. काढू का?"

मी नको म्हणालो. कारण असे दिले, की आपण रीतसर अर्ज करणार आहोत, आणि अर्ज प्रलंबित असताना परिस्थिती जैसे थे ठेवावी लागते. आधीच नकला काढून ठेवल्या तर आपणच आपली मागणी सोडल्यासारखे होईल. हे कारण मी खरे मानत होतो. परंतु त्याच्या खाली दुसरे कारण होते आणि ते मी कोणाला सांगितले नाही. जे मी अजून वाचले नव्हते, ते माझ्याआधी कोणी एकेक पान करून उलटावे, हे मला सहन होणारे नव्हते. ते बोलणे त्यांच्याशीच झालेले होते, हा विचार माझ्या मनात आला नाही.

मसुद्यात नऊ दिवस गेले. मी एक परिच्छेद टाकायचा आणि मंडळींनी त्यावर तुटून पडायचे, असे चालले होते.

"साहेब, 'मेहेरबान' काढा," लॉजवाले म्हणाले. "तिथं बसलेल्या पोराला वाटंल, आपली मस्करी करायलेत."

"मावशींच्या पद्धतीनं लिहा काका. 'आमचं बोलणं वापस द्या, नायतर तुम्ही येऊन आमच्याशी बोला.'"

"ही धमकी होते," मी लिहिले.

"व्हय की. मावशी तशाच होत्या."

त्या नऊ दिवसांत मी इतका हसलो, की मुदत कमी होत असल्याचे माझ्या ध्यानात राहिले नाही. अखेर सर्वांच्या संमतीने अर्ज ईमेलने पाठवला, आणि त्याची छापील प्रत सही करून रजिस्टर्ड पोस्टाने. दुसऱ्याच मिनिटाला ईमेलचे उत्तर आले, की आपली विनंती प्राप्त झाली असून तिच्यावर कार्यवाही सुरू आहे. खाली क्रमांक होता. तो मी डायरीत लाल शाईने उतरवला आणि मंडळींना कळवले, "क्रमांक पडला आहे. निकाल लागेपर्यंत आता कोणी हात लावू शकत नाही."

मुलीने नंतर दोनदा विचारले, "काका, तरी पण काढून ठेवू का?"

"क्रमांक पडला आहे," असे मी दोन्ही वेळा लिहिले. आणि पूर्वीप्रमाणे रोज एक प्रकरण वाचत राहिलो.

नवीन महिन्याच्या पहिल्या सकाळी मी त्या दिवसाचे प्रकरण उघडले. सून दुकानाचे शटर वर करत होती. गोष्ट होती तशी होती. तिच्या खाली पांढरी जागा होती. मी मागची प्रकरणे उघडली, पुढची उघडली. फोन बंद करून सुरू केला. मग कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एका तरुणाने डायरीतला क्रमांक विचारून घेतला आणि सांगितले, "सर, तुमची विनंती तर बंद झालेली दिसतेय."

"निकाल कोणी दिला?"

"निकाल नसतो सर. ठरावीक दिवसांनी ती आपोआप बंद होते."

"वाचली कोणी?"

"सर, अजून काही मदत करू शकतो का?"

त्या दिवशी मी टेबल मांडले नाही. संध्याकाळी मंडळींना कळवले. कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर मला काही बाजू मांडता आली असती. लॉजवाले म्हणाले, "साहेब, कागद गेला, माणसं हायत. आम्ही आठवून लिहून देतो."

तेव्हापासून रोज मजकूर येऊ लागला. ताई मला असं म्हणाल्या होत्या. मावशींनी त्या दिवशी असं उत्तर दिलं होतं. मी ते फुलस्केप कागदावर उतरवून घेऊ लागलो. सुरुवातीची बरीच वाक्ये माझ्या वाचनातली होती, ती मी ओळखली. पुढे न वाचलेल्या प्रकरणांतली येऊ लागली. परवा मुलीकडून हे आले: "अर्जदार साहेब साऱ्या जगाचं म्हणणं मांडतात. माझंबी एक म्हणणं हाय. बसतील कधीतरी निवांत, मी काय कुठं जायलेय?"

मी विचारले, हे कोणत्या प्रकरणाखालचे?

तिने लिहिले, "काका, खोटं नाय सांगत. मावशी असं काहीतरी म्हणाल्या होत्या. पण नेमकं असंच म्हणाल्या का मी जुळवलं, ते आता माझं मलाच कळंना. आम्हाला दुसऱ्याच्या तोंडी बोलणं घालायची सवय लागलीय."

मी ते वाक्य स्वयंपाकघरात उभा राहून मोठ्याने वाचले. सही पडताळायची तर शेजारी मूळ सही लागते. माझ्याजवळ सव्वीसहून अधिक वर्षे होती. त्यांतून तिचे असे एक वाक्य मी शोधू लागलो, जे या वाक्याशेजारी ठेवता येईल. चहा झालाय, किल्ली घेतली का, लेकीचा फोन आला होता. एवढेच सापडले. हे वाक्य तिचे आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. कागदावर त्याच्यासमोर 'तिचे' किंवा 'तिचे नव्हे' असे मी काहीही लिहिलेले नाही, आणि त्याच्या वरच्या वाक्यांविषयीही आता मला खात्री उरलेली नाही.

मुलीने काल पुन्हा विचारले आहे, "काका, चालू ठेवू का थांबू? तुम्ही म्हणाल तसं."

तिला उत्तर द्यायचे म्हणून मी तीन मसुदे केले. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. तिन्ही कागदांवर मागणीची जागा कोरी आहे.