सुलोचनाबाई आणि गुड्डीचा जबडा

एकोडी गावात भित्र्या माणसांची नावं काढली तर सुलोचनाबाईचं पहिलं निघेल. पाल पडली की किंचाळणार, वीज कडाडली की पदरात तोंड खुपसणार. नवरा कैलाश धानाच्या रोवणीला आलेल्या बायांसमोर तिची टिंगल करायचा आणि तीही हसायची. पण एका भयावरून हसायची घरात कोणाची छाती नव्हती. तिच्या लेकीचं, गुड्डीचं, तोंड उघडत नव्हतं.

गुड्डी दोन वर्षांची असताना बैलबंडीवरून हनुवटीवर पडली. टाके घातले, जखम भरली, सगळे विसरले. आत कानापुढचा जबड्याचा सांधा मोडला होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो सांधा हळूहळू हाडानंच भरून गेला. आधी पोळी सुटली, मग भात सुटला. सातव्या वर्षी पडलेल्या दुधाच्या दाताच्या फटीतून पेज ओतायची, एवढंच उरलं. पोरीला ओकारी आली की सुलोचनाबाईला एकच धास्ती. उलटीला बाहेर यायला वाट नाही, श्वासनळीत गेली तर? हातातलं असेल ते टाकून ती धावायची आणि पोरीला मांडीवर पालथी घालायची.

साकोलीच्या शिबिरात नागपूरच्या दंत रुग्णालयातल्या डॉक्टर रुचिता भेटल्या. "हाड कापून सांधा मोकळा करू," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन जुनंच आहे. पण घरी गेल्यावर काही मुलांचं तोंड पुन्हा बंद होतं. ते का, याचा आम्ही अभ्यास करतोय. त्यात यायचं की नाही ही तुमची मर्जी. ऑपरेशन कसंही होईलच."

गावात मात्र बाया कुजबुजल्या, "पोट्टीवर प्रयोग करून राहिले म्हणते." सुलोचनाबाईला जेवण जाईना. पण परत एकदा ओकारी आली, पोरगी निळी पडली, आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला जाऊन तिनं ऑपरेशनच्या आणि अभ्यासाच्या, दोन्ही कागदांवर सही केली. भूल देण्याची नळी तोंडातून जाणार नाही, नाकातून घालावी लागेल, हे ऐकून ती बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. ऑपरेशन आटपून दार उघडेपर्यंत उठली नाही.

गुड्डीनं त्यानंतर जांभई दिली तेव्हा काय झालं म्हणून सुलोचनाबाईनं नर्सला हाक मारली. लेकीची जांभई कशी असते हे ती विसरूनच गेली होती.

खरी परीक्षा घरी होती. डॉक्टरांनी एक निमुळता लाकडी स्क्रू दिला. तो दाढांमध्ये धरून फिरवायचा, तोंड उघडत न्यायचं, हाच रोजचा व्यायाम. दुखेल, रडेल, तरी थांबायचं नाही. आता सांगा, कोणत्या आईच्या हातानं हे होईल? गुड्डी पहिल्याच दिवशी अशी ओरडली की सासू विमलाबाई काठी टेकत लगबगीनं आली.

"काहून सतावतं वो कोवळ्या पोरीले? डाक्तरनं बरी केली ना?"

स्क्रू फडताळात गेला. आमच्या धानाच्या मुलखात आजाऱ्याला पेज द्यावी, हे कोणाला शिकवावं लागत नाही. ताप असो, बाळंतपण असो, नाहीतर जबड्याचं ऑपरेशन. नव्या तांदळाची मऊ पेज, वर मिठाचा खडा, झोपून राहायचं. सुलोचनाबाईनं जीव लावून तेच केलं. रुग्णालयातून व्यायामाची चौकशी करायला फोन आला की ती म्हणायची, "करून राहिली जी, रोज."

महिन्यानं डॉक्टरांनी गुड्डीच्या तोंडात मोजपट्टी धरली. पाहिलं, परत धरली.

"तोंड उघडणं कमी झालंय, ताई. चावायला काय देता?"

"पेज जी. चांगल्या तांदळाची."

"नुसती पेज?" डॉक्टरांनी मोजपट्टी खाली ठेवली. व्यायामाबद्दल त्या अभ्यासातल्या प्रत्येक आईला विचारत होत्या, ताटात काय वाढता हे आजवर कोणालाच विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "जबडा हलला नाही तर हाड पुन्हा जुळतं. दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं. व्यायाम केला का?"

सुलोचनाबाईनं मान खाली घातली. "मले भेव लागते जी तिच्या रडण्याचं."

"मलाही भीती वाटते, तिचं तोंड बंद होण्याची," डॉक्टर म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये गुड्डी आईच्या खांद्यावर झोपली. तिचे मिटलेले ओठ पाहून सुलोचनाबाईला कळून चुकलं. आपणच, आपल्या मायेनं, हे तोंड पुन्हा शिवत आणलं. यापेक्षा मोठं भय तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी तिनं विमलाबाईला बाहेर बसवलं आणि आतून कडी लावली.

"आत्याबाई, कितीबी रडली तरी दार ठोकू नका."

गुड्डीला मांडीत घट्ट धरून तिनं स्क्रू दाढांमध्ये सरकवला आणि फिरवला. पोरगी हंबरडा फोडून तडफडू लागली. तरी सुलोचनाबाई फिरवत राहिली. स्क्रू निसटला. तो नीट बसवायला तिनं बोट आत घातलं आणि गुड्डीनं, संतापानं, सगळा जोर लावून चावा घेतला.

सुलोचनाबाई किंचाळली. बोटातून रक्त आलं. बाहेर विमलाबाईनं दार ठोकलं, "काय झालं वो?"

गुड्डी घाबरून गप्प झाली. आता मार बसणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. सुलोचनाबाई त्या रक्ताकडे बघत राहिली. कित्येक वर्षांत या पोरीनं कोणाला चावलं नव्हतं. चावायला तोंडच कुठं होतं?

"काही नाही, आत्याबाई," ती रडत म्हणाली. "चावली."

मग तिनं ते बोट पदराला पुसलं, दुसरं पुढं केलं आणि म्हणाली, "चाव माय, अजून चाव."