जुलाबाचा फळा

सरकारी जीप चालवणाऱ्याच्या गाडीत धूळ साचते आणि डोक्यात किस्से. मी दोन्ही कधी झटकले नाहीत! लातुरात साथरोगाच्या जीपवर मी ड्रायव्हर. कांबळे मॅडम आमच्या डॉक्टर, रशीदभाई लॅबवाले. आणि मी चौथी नापास, म्हणजे उरलेलं सगळं!

*

भूकंपानंतर लोक पत्र्याच्या शेडात राहत होते. साथ कुठं सुरू होतेय ते कळावं म्हणून मॅडम म्हणाल्या, भोंग्यावर पुकारा. मी ऐटीत पुकारलं, "ज्याला ज्याला जुलाब, त्यानं येऊन नाव सांगावं!"

अख्खी वस्ती रांगेत!

एक म्हातारी म्हणाली, "मला न्हाई जुलाब, पण सुनंचं धरून दोन लिही. ब्लँकेटंच वाटायलेत न्हवं?"

*

पुढं शहरात क्लासेसची लाट आली. गल्लोगल्ली होस्टेल, गल्लोगल्ली मेस. मॅडमनी भर चौकात फळा लावला. कुठल्या गल्लीत किती आजारी, रोज सगळ्यांसमोर! "आकडा लपवला की साथ पसरते," म्हणायच्या. अक्षर बरं म्हणून खडू माझ्याकडं.

पहिल्याच दिवशी चाकूरचा एक बाप, पोराची ट्रंक डोक्यावर घेऊन फळ्यापुढं उभा. लई खूश! "क्लासगल्लीचाच पहिला नंबर! मग पोराला तिथंच टाकतो."

वर 'जुलाब' लिहायचं मी विसरलो होतो.

*

नांदेडजवळच्या अर्धापूरच्या केळीचे ट्रकवाले आधी फळा वाचायचे, मग चहा प्यायचे. मॅडमचा फोन लागायच्या आत आमचा आकडा नांदेडात!

मला खोडी सुचली. रशीदभाईंच्या गल्लीपुढं लिहिलं, 'एक लॅबवाला, इश्काचा ताप'. त्यांची सासुरवाडी नांदेडची. दुसऱ्याच दिवशी सगळे मेहुणे दारात!

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "आओ मियाँ, आज दावत ड्रायव्हरसाब के घर है!"

मेहुणे चांगले खाणारे निघाले. खडू मॅडमनी काढून घेतला.

*

त्याच वर्षी क्लासगल्लीचा आकडा उतरेचना. परीक्षा तोंडावर आणि पोरं सलाईनवर. संशय एका मेसच्या टाकीवर होता, पण मालक टाकी बंद करायला तयार नाही. मी तिथं फुकट जेवायचो, म्हणून त्याचीच री ओढायचो. "मॅडम, पाणी एकदम गोड हाय!"

मग मलाच लागले. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'क्लासगल्ली: आणखी एक, आमचा ड्रायव्हर.'

मालक धावत आला. "हा आमच्या गल्लीतला न्हाईच! ह्याच्या घरच्या गल्लीत लिहा!"

गर्दीतून माझी बायको पुढं झाली. "घरी मी पाणी उकळून देते! गिळायला हे तुमच्याकडंच येतेत की!"

मॅडमनी त्या टाकीतलं पाणी ग्लासभर आणवलं. "मालक, एवढं प्या. लगेच आकडा खोडते."

मालकानं ग्लास उचलला. पाण्याकडं बघितलं. गर्दीकडं बघितलं. मग ग्लास अलगद माझ्या हातात दिला.

"तुम्हीच घ्या, ड्रायव्हरसाहेब. तुम्हाला तर लागलेतच!"