साहेबांसाठी आंबट ताक

रोहिणी जोंधळे हे नाव घेऊन गावात कुणाला पत्ता विचारला, तर माणूस डोकं खाजवील. पण ताडकळसच्या बाजूनं आलेल्या परक्या पाहुण्यानं नुसतं "आंबट मॅडम" म्हणावं, की लहान पोर त्याला थेट शाळेच्या दारात नेऊन उभं करतं. नाव ऐकून वाटावं, बाई सदा तोंड वाकडं करून बसत असतील. तसलं काही नाही. बाई हसल्या की पलीकडच्या वर्गातल्या गुरुजींचा पाढा चुकतो. हे नाव पडलं ते निराळ्या कारणानं. बाई दहावीला विज्ञान शिकवतात आणि पोरांना रोज घरून काहीतरी आंबट आणायला लावतात.

बाई मूळच्या मानवतच्या. वडील रंगनाथराव जिनिंगवर कापूस तोलायचे. मानवतच्या शाळेत विज्ञानाचं एक लोखंडी कपाट होतं. त्याची चावी हेडमास्तरांच्या कडदोऱ्याला असते, अशी पोरांत बोलवा होती. खरं-खोटं कुणी तपासायला गेलं नाही. कपाट कधी उघडलं नाही एवढं मात्र खरं. गुरुजी फळ्यापाशी उभे राहून सांगायचे, "निळा लिटमस आम्लात लाल होतो. लिहा." सगळे लिहायचे. एकदा रोहिणीनं हात वर केला.

"गुरुजी, लिटमस केवढा असतो?"

वर्ग खदखदला. गुरुजी म्हणाले, "परीक्षेत केवढा ते विचारत न्हाईत. बस खाली."

तो लिटमस तिला भेटला थेट परभणीच्या कॉलेजात. बोटाएवढी कागदाची पट्टी! तिला आधी हसू आलं आणि मग राग आला. एवढ्याशा चिटोऱ्यासाठी सारी शाळा आंधळ्यासारखी लिहीत बसली होती तर!

तो राग बाईंनी लोणच्यासारखा मुरवला. या गावात नोकरीवर आल्या, तर इथंही तसंच कपाट. कुलूप गंजून आपोआप गळालेलं, आत पालीची अंडी आणि चिठ्ठ्या निघालेल्या बाटल्या. बाईंनी कपाट पुन्हा लावलं आणि अंगणात नजर टाकली. पोषण आहाराची खिचडी नव्या शेडमध्ये शिजायला लागल्यापासून जुनी खिचडीची खोली रिकामी होती. भिंती काजळीनं काळ्याभोर. बाई म्हणाल्या, "झालं की! प्रयोगशाळा आहे की तयार."

दुसऱ्या दिवशी पोरांनी हळद आणली. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून दोरीवर वाळत घातले.

"आता चुना आणा."

"चुना कुठून आणावा, मॅडम?" परमेश्वर म्हणाला. हा पोरगा विज्ञानाच्या तासाला पोट दुखायलंय म्हणून घरी पळणारा.

"तुझ्या आजोबांच्या चंचीतून. विचारून आण, नाहीतर माझं नाव सांगशील."

पिवळ्या कागदावर चुन्याचं बोट टेकलं आणि कागद लालभडक झाला. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळा. परमेश्वर ओरडला, "अरे बाप्पा! जाऊन परत आला की!" त्या दिवसापासून त्याचं पोट दुखायचं थांबलं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शाळेत एक मोठा टीव्ही आला. कुणीतरी देणगी दिलेला, खोक्यात बांधलेला. तो लावायला खोली पाहिजे. शाळा समितीचे अध्यक्ष व्यंकटराव यांचा डोळा खिचडीच्या खोलीवर पडला. व्यंकटराव म्हणजे गावातलं बडं खटलं. दारात म्हशी, मिशा पिळलेल्या, अन् बोलायला लागले की समोरच्याला उत्तर सुचायच्या आत दुसरा टोला.

"मॅडम, पोरायला काय शिकवायलाव तुमी? ताक, चिंच, लिंबू! सैपाकच शिकवायचा तर घरी आया काय कमी हायेत?"

"व्यंकटराव, तुमच्या घरचं ताक आंबट का होतं ते माहीत आहे तुम्हाला?"

"जुनं झालं म्हून!"

"का पण?"

व्यंकटरावांनी मिशीवरून हात फिरवला. "हे बघा, तालुक्याहून विस्तार अधिकारी यायलेत. ते बघतील अन् ते सांगतील. त्यायनी टीव्ही म्हणलं की टीव्ही. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. आवाजात तसूभर फरक नाही. पण घरी जाताना त्यांनी त्या काळ्या भिंतींकडे एकदा वळून पाहिलं. ही खोली गेली, तर पोरं पुन्हा फळ्याकडे बघून "लिहा" म्हटलं की लिहिणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी बाईंनी पोरांना सांगितलं, "उद्या साहेब येणार. प्रत्येक गटानं आपापली आंबट वस्तू आणा. निकिता ताक, परमेश्वर लिंबाचं पाणी, राम चिंचेचं पाणी." प्रयोग सोपा होता. बाटलीत आंबट ओतायचं, फुग्यात खायचा सोडा भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर चढवून सोडा आत झटकायचा. आत वायू तयार होतो आणि फुगा आपला आपण फुगतो. पोरांनी कितीदा तरी केला होता.

साहेब आले. उन्हानं लाल झालेले, घाम पुसत खिचडीच्या खोलीत खुर्चीवर बसले. शेजारी व्यंकटराव. दारात आया उभ्या, पुढंच व्यंकटरावांची सून मालनबाई. पहिली निकिता आली, व्यंकटरावांची नात. तिनं सोडा बाटलीत झटकला.

फुगा मान टाकून लोंबकळत राहिला.

पुन्हा हलवला. काही नाही. व्यंकटराव साहेबांकडे झुकून म्हणाले, "बघा. म्हणलं नव्हतं?" साहेबांनी घड्याळात पाहिलं.

बाईंनी निकितानं घरून आणलेला डबा उचलून नाकाशी धरला. वेलदोड्याचा वास! "निकिता, हे काय आणलंस?"

"दूध, मॅडम. साखर टाकून."

"मी ताक सांगितलं होतं."

निकितानं आईकडे पाहिलं. मालनबाई पदर सावरत पुटपुटल्या, "साहेब येणार अन् आंबट ताक पाठवावं का, मॅडम? माणूस काय म्हणंल आमाला?"

बाईंच्या ध्यानात आलं. पोरांनी घरी काय सांगितलं असेल? साहेबांसाठी न्यायचंय! मग कुठली आई पाहुण्याला आंबट पाजील? रामच्या बाटलीत चिंचेऐवजी गूळपाणी निघालं. परमेश्वरच्या आईनं लिंबात मूठभर साखर घालून झकास सरबत करून दिलेलं.

दुसरं कुणी असतं तर पोरांवर ओरडलं असतं, नाहीतर साहेबांची माफी मागितली असती. बाई हसल्या. तेच ते हसू, पलीकडच्या वर्गात ऐकू जाणारं.

"साहेब, जरा चव घ्याल का? व्यंकटराव, तुम्हीही."

निकिताच्या डब्यात उरलेलं दूध, रामचं गूळपाणी, परमेश्वरचं सरबत, थोडं थोडं वाटीत आलं. दूध गोड. गूळपाणी गोड. सरबत? साहेबांनी जीभ फिरवली. "हेपण गोडच आहे."

"येकदम गोड," व्यंकटराव म्हणाले. "तिन्ही सारखेच."

बाई पोरांकडे वळल्या. "पोरांनो, कुणाचा फुगा फुगेल?"

वर्गात कुजबुज. राम म्हणाला, "कुणाचाच न्हाई, सगळं गोड हाय." परमेश्वर मात्र बाटलीकडे टक लावून बघत होता. "मॅडम, माझा फुगंल."

"का?"

"साखर घातली म्हून लिंबू कुठं पळून गेलंय का?"

रामनं सोडा झटकला, गूळपाणी गप्प. परमेश्वरनं झटकला आणि सरबत फसफसून वर आलं, फुगा उभा राहिला, डुलायला लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेब खुर्चीवरून उठून बाटलीपाशी आले, त्यांनी बोटानं फुगा दाबून पाहिला.

"साखरेनं जीभ फसते, साहेब," बाई म्हणाल्या. "आम्ल असतं तिथंच असतं. सोडा फसत नाही."

"हे मला कुणी असं दाखवलंच नाही कधी," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

इकडं व्यंकटरावांची नजर आपल्या नातीच्या लोंबकळत्या फुग्यावर खिळली होती. परमेश्वरच्या घरचा फुगा ताठ, आपल्या घरचा आडवा!

"आपल्या घरून दूध कुणी दिलं गं?" ते गुरकावले.

निकिता भाबडी. "आबा, तुमीच की! आई ताक भरायली व्हती, तर तुमी म्हणलाव, साहेबाला ताक पाजून इज्जत घालवता का, म्हशीचं दूध द्या!"

खोलीत असा हशा झाला की दारातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मालनबाई सासऱ्यासमोर हसू दाबता दाबता मागं सरकल्या. व्यंकटराव क्षणभर गोरेमोरे झाले आणि पुढच्या क्षणाला मोटरसायकलची चावी काढून बाहेर.

"कुठं निघालात?" साहेबांनी विचारलं.

"आलोच!"

आले ते मांडीत तांब्या धरून. त्यात चुलीमागं ठेवून विसरलेलं, चांगलं शिळं, नाकाला झोंबणारं ताक. त्यांनी ते स्वतःच्या हातानं रिकाम्या बाटलीत ओतलं. "घे निकिता. सोडा जरा दाबून भर."

फुगा फुगला तो फुगतच गेला आणि शेवटी फटकन बाटलीवरून उडून व्यंकटरावांच्या मिशीवर आपटला. सोड्याचे अन् ताकाचे शिंतोडे तोंडभर. ते तसेच ओले उभे राहून साहेबांना म्हणाले, "बघितलं? साऱ्या वर्गात आमचाच उंच!"

"बघितलं," साहेब म्हणाले. "मग टीव्ही कुठं लावायचा म्हणता?"

"लावा की हापिसात! नाहीतर व्हरांड्यात. इथं काजळीत टीव्ही खराब व्हईल." हे ते असं म्हणाले, जणू पहिल्यापासून त्यांचं हेच मत होतं.

बाईंनी दोरीवरचा एक पिवळा कागद उगीच सारखा केला.

साहेब निघताना दाराशी थांबले. तांब्यात ताक उरलं होतं. ऊन मी म्हणत होतं.

"ताई, यात मीठ घालून द्याल का?"

मालनबाईंनी घाबरत पेला पुढं केला. "लय आंबट हाय, साहेब."

साहेबांनी एका दमात संपवला, आंबटानं डोळे घट्ट मिटले आणि पेला पुन्हा समोर धरला.